त्रेपन्नबाई

माणूस नवा भेटला की आमची वैनी पहिल्या पाच मिनिटांत विचारायची, “तुमच्या घरात माणसं कशानं गेली?” पाऊसपाणी, मुलंबाळं हे सगळं नंतर. एका लग्नाच्या पंगतीत सोलकढीची वाटी हातात धरून तिनं शेजारच्या बाईला हे विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. ती बाई नेमकी नवऱ्या मुलाची मावशी निघाली. घास तसाच गालात ठेवून ती म्हणाली, “अगो, आज लग्न ना?” वैनी म्हणाली, “हो ना, खरं तर लग्नाआधीच विचारायला हवं.” दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, तिला कोपरानं ढोसलं. पण तोवर मावशीबाई आपले वडील पोटातल्या गाठीनं कसे गेले ते सांगायला लागल्या होत्या. तिला सगळे सांगायचेच. ती ऐकायची अशी की सांगणाऱ्याला बरं वाटायचं.

वैनी डिचोली तालुक्यातल्या नार्व्याची. लग्न होऊन आमच्याकडे इब्रामपूरला आली आणि पेडण्याच्या हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवायला लागली. पोरांनी तिचं नाव ठेवलं त्रेपन्नबाई. कारण धडा कुठलाही असो, बेडकाचा असो की केळीच्या पानाचा, बाई फिरून फिरून ‘पी फिफ्टीथ्री’वर यायच्या. हे माणसाच्या पेशीत असणारं एक प्रथिन. वैनी सांगायची, “शास्त्रज्ञांना नाव सुचेना. त्याचं वजन त्रेपन्न भरलं, म्हणून पी त्रेपन्न. पुढं कळलं की मापच चुकलं होतं, खरं वजन बरंच कमी. पण नाव चिकटलं ते चिकटलं. आपल्याकडे नाही का, नातवंडं झाली तरी माणूस बाबूच राहतो!” पोरं हसायची. एकाचं घरचं नाव खरोखरच बाबू होतं, त्याला बिचाऱ्याला वर्षभर सोसावं लागलं.

माझं पेडण्याच्या बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान आहे. शाळा सुटल्यावर वैनी बस येईपर्यंत माझ्या दुकानात बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की मलाही शिकवायची. पेशी एकाची दोन होते, दोनाच्या चार. दरवेळी आतला सगळा मजकूर उतरवून काढावा लागतो आणि उतरवताना चुका होतात. हे प्रथिन त्यावर नजर ठेवतं. चूक दिसली की फुटायला निघालेल्या पेशीला म्हणतं, थांब, आधी दुरुस्त कर. दुरुस्त होण्यासारखं नसेल तर त्या पेशीला मरायला लावतं. “म्हणजे फ्यूज गो वैनी!” मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, “फ्यूज नुसता उडतो भावजी. हा आधी विचार करतो. तुमच्यासारखा नाही.” मी वायर गुंडाळायला लागलो.

आता ही बाई त्रेपन्नाच्या मागे इतकी का लागली, ते सांगतो. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं आमच्या आईला तिचा तो ठेवणीतला प्रश्न विचारला. आई विळीवर नीरफणस चिरत होती. चिरता चिरता तिनं सांगितलं. आमचे बाबा ऐन चाळिशीत गेले, हाडात गाठ होती. आत्या पहिलं मूल अंगावर पीत असतानाच छातीच्या दुखण्यानं गेली. आजोबांना मी पाहिलंच नाही. आत्याचं ते मूल रक्ताच्या आजारानं गेलं. आईनं फोडी टोपलीत टाकल्या आणि म्हणाली, “राखणदार रुसलोहा आमच्यार.” राखणदार म्हणजे गावची शीव राखणारा देव. माझ्या ध्यानात त्या दिवशी एक गोष्ट आली आणि ती काही केल्या जाईना. आमच्या घरात म्हाताऱ्या व्हायच्या त्या फक्त बाहेरून लग्न करून आलेल्या बायका. घरात जन्मलेलं कोणी पिकून गेलेलं नाही.

वैनी दादाच्या मागे लागली, रक्त तपासा. तिचं ठरलेलं वाक्य होतं, “कळलं की अर्धं झालं.” दादा काजूच्या बागायतीतला माणूस, त्याचं ठरलेलं उत्तर होतं, “मगे बघूया.” सई जन्मली, रांगली, शाळेत जायला लागली, तरी त्याचं ‘मगे’ काही उजाडलं नाही. दोघांचा संसार तसा सुखाचा होता हो. भांडण हे एवढंच, आणि तेही हसत हसत चालायचं.

मग दादाच्या मांडीत गाठ आली. लिंबाएवढी असेल. वैनीनं डॉक्टर गाठला, तुकडा काढून तपासायचं ठरलं. पण आई दारात आडवी. राखणदाराला न विचारता सुरी लावायची नाही म्हणजे नाही. वैनीनं बसायला कदेल ओढलं, आईसमोर बसली आणि तिला समजेल अशा भाषेत सांगायला लागली. “आई, गावच्या शिवेवर राखणदार असतो ना, रात्री फेरी मारणारा? तसा आपल्या अंगात प्रत्येक पेशीत एक राखणदार असतो. एक आईकडून मिळतो, एक बापाकडून. वाईट काही शिरलं, की तो अडवतो. तुमच्या या घरात बापाकडून मिळणारा राखणदार जन्मापासूनच अधू आहे. म्हणून गाठी होतात.” मी तिथंच जनेलाचे गज धरून उभा होतो. मनात म्हटलं, वा! काय सोपं करून सांगितलंन! आईचा चेहराही एकदम उजळला. “मगे असा सांग ना गो इतकी वर्सां,” ती म्हणाली. “शाळा शिकलंस, पण खरा तेच बोललंस.”

झालं! दुसऱ्या दिवशी आईनं चुलीवर नैवेद्याच्या जाड भाकऱ्या, दोन मोठे रोट, भाजायला घेतले. एक शिवेवरच्या राखणदाराला आणि एक दादाच्या मांडीतल्याला. शिवेवरच्याचा रोट नारळ, विडी आणि फेणीसकट झाडाखाली ठेवला; दुसरा दादाच्या मांडीवरून उतरवून ओहळात सोडला. वैनी ओरडली, रडली, “आई, तो तसला राखणदार नाही हो!” आई शांतपणे म्हणाली, “राखणदार तो राखणदार. रोट सगळेच घेतत.” आणि दादाला तर हेच हवं होतं. राखणदार बायकोनंही मानला, आईनंही मानला, आता घाई कसली? काजूचा हंगाम तोंडावर आलेला. बोंडू वेचून होऊ देत, फेणीची भट्टी लागू दे, मग जाऊ म्हणाला. महिनाभर गाठ दुखली नाही, त्याचं श्रेय रोटाला मिळालं. हंगाम संपला तेव्हा तो लंगडत होता. पाय काढावा लागला, पण तोवर फुप्फुसात गेलेलं होतं. दादा गेला तेव्हा सई पाचवीत होती.

वैनीनं आईला एका शब्दानं दुखावलं नाही. आई बिचारी भिंतीला पाठ लावून बसायची आणि परत परत म्हणायची, “खंय चुकला गो माझा?” तिला ते शेवटपर्यंत कळलं नाही. वैनी तिला भात भरवायची. दुकानात आली की मात्र माझ्याकडे न बघता म्हणायची, “माझ्या तोंडाला काय आग लागली होती भावजी? सरळ कॅन्सर म्हणाले असते तर त्या घाबरल्या तरी असत्या.” मी म्हणायचो, “अगो, तुझ्या मनात चांगलंच होतं.” वर्गात पुढं तिनं त्रेपन्नाला कशाचीच उपमा दिली नाही. प्रथिनाला प्रथिन म्हणायची.

त्यानंतर तिनं सईचं आणि माझं रक्त तपासायला पाठवलं. मला जायचं नव्हतं. तिनं दुकानाचं शटर स्वतः खाली ओढलं आणि म्हणाली, “चला.” दोघांचंही तेच आलं, अधू त्रेपन्न. त्या दिवशी वैनी खचेल असं मला वाटलं होतं, पण ती उलट कंबर कसून उभी राहिली. आता कळलं होतं ना! वर्षातून एकदा आम्हा दोघांना डोक्यापासून पायापर्यंत तपासून घ्यायचं. पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की गरम उंडे घ्यायचे, त्यात भाजी भरायची आणि गाडीनं मोठ्या इस्पितळात जायचं. वैनी डॉक्टरच्या खोलीत आमच्याआधी शिरायची आणि पडद्यावरचं प्रत्येक चित्र स्वतः बघायची. डॉक्टर वैतागायचे, पण तिला खुर्ची द्यायचे. सई मोठी वात्रट. “काका, आपण दोघं कंपनीचे डिफेक्टिव्ह पीस,” म्हणायची. मी म्हणायचो, “हां, पण वॉरंटी तुझ्या आईची.” चोपड्याचा पूल येईपर्यंत आम्ही हसत असायचो. तपासणी स्वच्छ आली की येताना आइस्क्रीम. खोटं कशाला बोलू, ते दिवस बरे होते. पोरगी आता वाचली असं मला वाटायला लागलं होतं.

सई कॉलेजात जायला लागली त्या वर्षी तपासणी मे महिन्यात झाली. स्वच्छ. चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधत होतो. सई स्टुलावर उभी राहून सुपाऱ्यांचे घोस बांधायची, ते दरवर्षीचं तिचंच काम. तिच्या हातून घोस निसटला. पुन्हा बांधला, पुन्हा निसटला. मी चेष्टा केली, “काय गो, मोबाइल बरा धरवतो?” ती हसली आणि म्हणाली, “काका, डावा हात ऐकत नाही.” वैनी पाटावर बसून करंज्यांचं पीठ मळत होती. ती उठली, हात पुसलेच नाहीत, तशीच पोरीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “माझं बोट दाब. जोरात.” सईनं दाबलं. वैनीचा चेहरा मी पाहिला आणि सईला स्टुलावरून खाली उतरवलं.

गाठ मेंदूत होती. मे महिन्यात नव्हती, चवथीला होती. वैनीनं डॉक्टरला विचारलं, “मी कुठं उशीर केला?” तो भला माणूस होता. म्हणाला, “कुठंच नाही.” मला वाटतं, ते तिला सगळ्यात जड गेलं. आईची चूक दाखवता येत होती, दादाची चूक दाखवता येत होती. इथं सगळं वेळच्या वेळी केलेलं होतं. सई पुढच्या शिमग्यापर्यंत होती. शेवटी शेवटी तिला बोलता येत नव्हतं, तेव्हा वैनी तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरायची, निम्मे गळलेले. देवाच्या नावानं मी तेव्हा जे काही बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

वैनी शाळेत परत गेली. पण त्रेपन्नाच्या धड्याला तिनं पोरांना सांगितलं, “हा तुम्ही घरून वाचून या.” कोणी शंका विचारली तर दुसऱ्या बाईंकडे पाठवायची. वर्षअखेर तिनं नोकरी सोडली आणि भावाकडे नार्व्याला जायचं ठरवलं. आई तोवर गेली होती, ऐंशी ओलांडून. मीच वैनीला गाडीनं सोडायला गेलो. मागच्या सीटवर माझी लेक मानवी होती. पहिलीत जाते. मला उशिरा झालेली एकुलती एक पोर, वैनीची अतिशय लाडकी. तिचं रक्त तपासायचं मी टाळत आलो होतो. नार्व्याला पोचल्यावर मानवी अंगणात कुत्र्याच्या पिल्लांमागे धावायला लागली आणि मी विचारलं, “वैनी, हिचं करूया?”

मला वाटलं होतं, ती लगेच तारीख ठरवील. खरं सांगायचं तर हुकूम ऐकायलाच गेलो होतो मी. तिनं पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवी खांद्याला लावत म्हणाली, “करायचं तर करा भावजी. पण काय आलं ते मला सांगू नका.” मला तिचा राग आला. अगं, आम्हाला या वाटेवर आणलं कोणी? मानवीला उचललं आणि गाडीत बसलो.

रक्त मी पाठवलं. मोठ्या आशेनं पाठवलं, निम्मी शक्यता सुटण्याची असते. रिपोर्ट आला. माझ्या पोरीतही तेच आहे. बायकोला सांगितलं, दुसऱ्या कोणाला नाही.

परवा वैनीचा फोन आला. मानवीशी बोलायचं म्हणाली. दोघी पिल्लांबद्दल खूप वेळ बोलल्या. मग पोरीनं फोन माझ्या हातात दिला. मी “हॅलो” म्हटलं आणि पुढं काही बोलता येईना. ती थांबली. मी हवामान बोलावं, दुकानाचं बोलावं म्हणून शब्द शोधत होतो, एक सापडेना. चांगलं काही आलं असतं तर तिनं कितीही बजावलं तरी मी पहिल्या दमात ओरडून सांगितलं असतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

“तपासणी कधी?” तिनं विचारलं.

“सोमवारी.”

“मी येते,” वैनी म्हणाली. “पण मला आत बोलावू नका. मी बाहेरच बसेन.”