व्होट म्हणजे नवस

निवडणुकीपुरत्या वाकणाऱ्या कंबरांचा मला पहिल्यापासून संताप. म्हणून दर्यापूरकडच्या गावात माझी मावशी ग्रामपंचायतीला उभी राहिली, तेव्हा पत्रक मीच लिहिणार, हे मी अमरावतीहून फोनवरच जाहीर केलं. मोर्च्यांची पत्रकं लिहून हात बसलेला होता. मावशीनं एवढंच बजावलं, की समोर जुना मेंबर आहे. ती पडली तर हे बाईमाणसाचं काम नव्हेच, असं तो गावभर सांगत फिरेल आणि पुन्हा कोणी बाई उभी राहणार नाही. तेव्हा पडायचं नाही.

मी शब्दकोश उघडला. व्होट, व्होट आपण दिवसभर करतो, पण हा शब्द आला कुठून? लॅटिनमधून. आणि तिथं त्याचा अर्थ नवस! देवापुढं बोललेला शब्द. भक्ताला इंग्रजीत डिव्होटी म्हणतात, तोही याच घराण्यातला. पुढं देव गळाला, नुसती इच्छा उरली, आणि त्या इच्छेचं झालं मत. मला घबाडच सापडलं. ठळक अक्षरांत छापलं : ‘तुमचं मत हा नवस आहे. तो बाटलीवर विकू नका!’

दुसऱ्या दिवशी आळीतल्या बाया मावशीच्या ओट्यावर जमल्या. मला वाटलं, कौतुक करायला आल्या. मावशीची चुलत जाऊ पुढं झाली.

“नवस कसा असते, माईत हाय का तुले? कौंडण्यपूरच्या रुखमाईले आमी म्हनतो, पोरगं बरं होऊ दे, मंग खण-नारळ वाहीन. आधी थे करते, मंग आमी फेडतो. तुयी मावशी तं आधीच नारळ मागून राहिली.”

त्यांचं म्हणणं सरळ होतं. आळीतली नाली तुंबली आहे, ती आधी मोकळी करा, मग मत. मी तावातावानं समजावलं, की आधी निवडून यावं लागतं, मग पद मिळतं, पदाशिवाय काम होत नाही, यालाच लोकशाही म्हणतात.

“रुखमाई कोन्त्या पदावर हाय?” तिनं विचारलं.

बौद्ध वस्तीतल्या एका काकांनी तर पत्रक घडी करून माझ्या हातात परत दिलं. “आमी नवस कवाच सोडले, पोरी. मत आमचा हक्क हाय. थो मागाले ये, हे घेऊन नको येऊ.”

दोन्हीकडून मार. आणि दोन्हीकडचे बरोबर! वस्तीसाठी मी मुकाट्यानं दुसरं पत्रक लिहिलं, त्यात फक्त हक्क होता.

आळीचं काय करायचं, तर मावशीनं पदर खोचला, फावडं घेतलं आणि मला घमेलं धरायला सांगितलं. उमेदवारानं नाली उपसणं ही निव्वळ चमकोगिरी आहे, असं मी तिला तोंडावर सुनावलं.

“भाषन नालीत उतरून दे,” मावशी म्हणाली.

उतरले. अर्ध्या तासात बातमी मेंबरपर्यंत पोचली. तोही दोन माणसं घेऊन आला आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत दुसऱ्या टोकाकडून उपसू लागला. बाया दारात बसून चहा पीत कोणाचं काम कुठवर आलं ते एकमेकींना सांगत होत्या. दुपारपर्यंत पाणी वाहू लागलं. मेंबरनं गाळानं बरबटलेल्या हातांनीच नमस्कार केला आणि आता मत कोणाला, असं विचारलं. बाया म्हणाल्या, ज्यानं आधी ऐकलं त्याचाच नवस.

मावशी निवडून आली. मिरवणूक आळीच्या तोंडाशी येताच चुलत जावेनं हात आडवा केला आणि वाजंत्री थांबवली. नवस फिटला, आता दुसरा बोलतो, म्हणाली, आणि बंद पडलेल्या हातपंपाकडं बोट दाखवलं. निधी, ठराव, मंजुरी यातला फरक मी घसा फोडून सांगू लागले. गुलालानं माखलेली मावशी मात्र गर्दीत विचारत होती, पंप खोलाले पान्हा कोनाकडं हाय.