साहेबांचा ड्रायव्हर

जिल्हाध्यक्षांच्या ड्रायव्हरला सगळे ‘मुका’ म्हणत, कारण गाडीत ऐकलेलं त्याच्या तोंडून कधी बाहेर पडत नसे. पण त्या वर्षी पक्षात दोन तट पडले. घटस्फोटाचा कायदा थोडा सैल करावा, असं साहेबांचं म्हणणं. कर्मठ गटाला त्यातलं अक्षरही बदलायला नको होतं. आणि साहेबांच्या बैठकीत काहीही ठरलं, तरी त्या गटाच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याला ते आधीच ठाऊक असायचं.

कार्यालयातल्या नजरा ड्रायव्हरकडे वळल्या. तो खोलीत शिरला की बोलणं तुटायचं. त्याचा मेहुणा छापखान्यात होता, कर्मठ गटाची पत्रकं तोच छापायचा, आणि सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे जेवायला यायचा.

ड्रायव्हरच्याही डोक्यात किडा वळवळू लागला. आपण झोपेत बडबडतो की काय? बायको भावाला काही सांगते का? एकदा जेवताना मेहुण्याने सहज विचारलं, “काय म्हणतात तुमचे साहेब?”

ड्रायव्हरने घास खाली ठेवला. “यापुढे या घरात पाय ठेवायचा नाही.”

मेहुणा हात धुऊन निघून गेला. बायकोने नवऱ्याशी अबोला धरला.

पुढे एका दुपारी साहेबांनी गाडी आडगल्लीत घ्यायला लावली, थेट म्हाताऱ्या पुढाऱ्याच्या मागच्या दाराशी. दारातलं दांडगं कुत्रं ड्रायव्हरच्या अंगावर आलं. साहेबांना पाहताच मात्र शेपूट हलवत त्यांच्या पायाशी लोळलं. ड्रायव्हरने साहेबांना या घरी कधीच आणलं नव्हतं. मग न मागता मिळालेल्या सुट्ट्या त्याला आठवल्या.

परतताना साहेब म्हणाले, “तुझ्यावर विश्वास आहे, म्हणून आज तुला आणलं.”

निवडणूक आली. कर्मठ गटाच्या पाठिंब्यावर साहेबांना तिकीट मिळालं, कायद्याचा विषय बारगळला. ड्रायव्हरने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि एका बेकरीची गाडी धरली. फितूर होता तो अखेर गेला, असं कार्यालयात सगळ्यांनी ठरवून टाकलं.

छापखान्याच्या दारात उभं राहून त्याने मेहुण्याला सगळं सांगितलं, चुकलो म्हणाला. मेहुणा शाईचे हात पुसत ऐकत राहिला.

“खरं सांगा, तुम्हाला कुणी पाठवलंय?”

मेहुणा पुन्हा जेवायला येऊ लागला खरा. पण राजकारण निघालं की दोघंही ताटात बघत जेवायचे.