दोन बोटं सैल

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात अर्धं बोट सैल हा गुन्हा होता. गिऱ्हाईक बिचारं म्हणे, "चालेल हो," आणि मास्तर बाही उसवायला घेत. "तुम्हाला चालेल, मला नाही चालणार!" असा हा बाणेदार माणूस. त्यामुळे त्या सकाळी बायकोनं धुण्यातला मोजा चिमटीत धरून समोर नाचवला, तेव्हा मास्तरांना वाटलं, कुठल्याशा कापडाचा रंग गेला.

"अहो, हे रक्त आहे!"

"कुणाचं?"

"शेजाऱ्यांचं! मोजा कुणाचा आहे?"

मोजा मास्तरांच्या डाव्या पायाचा होता. तो पाय दीड वर्षापूर्वी साखरेच्या आजारानं गुडघ्याखाली वीतभर ठेवून बाकीचा नेला होता. उरलेल्या खुंटावर मोजा, मोज्यावर कडक वाटी आणि वाटीखाली बूट घातलेला कृत्रिम पाय. त्याच पायानं मास्तर मशीन मारत. गुडघा शाबूत होता म्हणून मशीन चालत होतं, आणि मशीन चालत होतं म्हणून मास्तर मास्तर होते.

मास्तरांनी खुंट चाचपला. दुखत काहीच नव्हतं. बायको त्यानंच जास्त घाबरली.

तासाभरात दोघं पाय बसवणाऱ्या बाईंसमोर होते. बाई मास्तरांच्या लेकीच्या वयाच्या, पण नजर सासूची. त्यांनी वाटी काढली, आत हात घातला आणि बाहेर काढली एक गादी. इवलीशी, टुमदार, चौकटीची टीप मारलेली. मागोमाग दुसरी, कोटाच्या कापडाची. मग तिसरी, अस्तराची.

"हे काय, मास्तर?"

"सैल व्हायला लागलं होतं. चिंध्यांच्या पेटीतले तुकडे घातले, घेतलं जरा दाबून." आवाजात चोरटा अभिमान होता. "डबल टीप आहे."

"दिसतेय ना डबल टीप. ही बघा, इथं."

खुंटाच्या कातडीवर टीप जशीच्या तशी उमटली होती, टाका न् टाका. आणि टोकाशी, कोटाच्या बटणाएवढी, लालभडक जखम. बायकोनं तिन्ही गाद्या मास्तरांसमोर धरल्या. "आणि मला म्हणत होता, पाय मस्त बसलाय!"

"खुंट पहिली वर्ष-दोन वर्षं आकसत जातो, वाटी तेवढीच राहते," बाई म्हणाल्या. "तेव्हा माझ्याकडे यायचं. तुम्ही रोज शिवणीवर उभे राहत होता."

"पण हलत नव्हतं हो जरासुद्धा!"

"खडू आहे?"

मास्तरांच्या खिशात खडू नसेल तर ते मास्तर कसले! बाईंनी जखमेवर पट्टी ठेवली, गाद्यांसकट वाटी चढवली आणि वाटीच्या काठाशी मोज्यावर रेघ मारली. "एकदाच. मशीन मारल्यासारखं करा."

मास्तरांनी पाय उचलला. वाटी खाली घसरली, रेघ वर राहिली. पाय दाबला. रेघ वाटीत बुडाली. उचलला, पुन्हा वर. मास्तरांचा हात आपोआप गळ्यातल्या टेपेकडे गेला. मोजलं. पुन्हा मोजलं.

"दोन बोटं?"

"प्रत्येक दाबाला. दिवसभर. कातडी घासतेय आणि साखरेमुळे तुम्हाला कळत नाहीये. आत्ताच्या आत्ता डॉक्टर गाठा. हाडाला लागलं असेल तर गुडघा जाईल."

दवाखान्याच्या बाकावर मास्तर गुडघ्यावर हात ठेवून बसले, कुणी तो उचलून नेईल असे. बायकोनं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि टोमणा मारायचं विसरली.

हाड वाचलं होतं. दोन महिने पाय घालायचा नाही, एवढ्यावर भागलं. दोन महिने मास्तर हातानं काजं करत बसले. जखम भरल्यावर बाईंनी नवं माप घेतलं. मास्तर गिऱ्हाइकासारखे गुमान उभे राहिले.

नवी वाटी चढली. खडू मास्तरांनीच काढला, रेघ स्वतः मारली. पाय दाबला, उचलला. दहादा.

"एक सूत हलतेय."

"एवढं चालतं, मास्तर."

"तुम्हाला चालेल, मला—" बायकोनं नुसतं पाहिलं. मास्तरांनी तोंड मिटलं.

संध्याकाळी पाय काढल्यावर तिनं मोजा उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. मास्तर बघत राहिले.

"कोरा आहे," ती म्हणाली, आणि चिंध्यांच्या पेटीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.