आमचे व्याही आणि त्यांचा शुद्ध कटला

माणसाच्या तोंडाकडे मुळीच न बघणारा आणि माशाच्या तोंडावरून नजर न हलवणारा गृहस्थ अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच आहे, आणि तो आमचा व्याही आहे. दारव्ह्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, म्हणजे पगार थांबला; शिकवणं चालूच आहे. माझ्या लेकीला बघायला आर्णीला आले तेव्हा पोहे निवले, लेक येऊन बसली, विचारायचं ते सगळं विहीणबाईंनी विचारून घेतलं, आणि हे सारा वेळ आमच्या काचेच्या टाकीला नाक लावून उभे. निघताना म्हणाले, "मासे खुश हायेत. या घरची पोरगी आपल्याले चालते."

रोहू आणि कटला हे गोड्या पाण्यातले मासे तसे चुलतभाऊ. मत्स्यबीज तयार करणारे घाईघाईत त्यांना एकाच टाकीत सोडतात आणि मग डोकं एकाचं, अंग दुसऱ्याचं अशी संकरित पिल्लं तळ्यात पडतात, हे आमच्या व्याह्यांचं आयुष्यभराचं दुःख. बाजारात ते अनोळखी गिऱ्हाइकाच्या हातातला मासा घेऊन त्याचा ओठ उलगडून दाखवतात, कारण जात ओठावरून कळते. "हा रोहू नोय बाई, तुमाले फसवून राह्यले!" बाई मासा ठेवून पालकाची जुडी घेऊन जाते. आता त्यांची स्कूटर दिसली की मासेवाली पाटीवर ओलं पोतं ओढते. जेवणावळीतही ओठ बघण्यासाठी ते माशाचं डोकं मागून घेतात. ते त्यांना फार आवडतं असा साऱ्या नात्यागोत्याचा समज झाला. खरं तर त्यांना ते गिळवत नाही, पण प्रत्येक घरात आग्रहाने तेच वाढतात आणि बिचारे संकोचाने खातात.

शेतातल्या तळ्यात मात्र त्यांनी शुद्ध कटला जपला होता. संशय आला की मासा तळ्याबाहेर आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी रस्सा, हा नियम. असे कितीतरी संशयित आमच्याकडे आले आणि आम्ही कधी तक्रार केली नाही. सगळ्यांची आई म्हणजे एक थोराड मादी. ती त्यांच्या हातातून सरकीची ढेप, म्हणजे पेंड, खायची. तिच्या शुद्धतेवर शिक्कामोर्तब व्हावं म्हणून त्यांनी तिच्या शेपटीचा कणभर तुकडा नागपूरला एका जुन्या विद्यार्थ्याकडे तपासायला पाठवला. त्याचा फोन आला. मादी दिसायला कटला, पण रक्तात रोहूही होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात टेम्पो थांबला. मागे पाण्याचा ड्रम, ड्रममध्ये ती मादी आणि शेजारी चिंब भिजलेले व्याही. मी आनंदाने आत ओरडलो, "मसाला वाटायला घ्या!"

"रस्सा नाही, इवाईबुवा!" ते जवळजवळ किंचाळलेच. "तुमच्या इहिरीत ठेवाले आनली."

"आणि तुमचा नियम?"

"नियमानं तळ्याबाहेर काढली. इहिरीचं नियमात काही लिवेल नाही."

तेव्हापासून ते दर आठवड्याला येतात. निमित्त नातीचं सांगतात, पण नात दारव्ह्याला त्यांच्याच घरी असते. परवा विहिरीच्या काठावर बसून ढेप टाकत होते. मी थट्टेने विचारलं, "मग आता हिला म्हणायचं तरी काय, कटला की रोहू?"

त्यांनी हातातली ढेप कुस्करून पाण्यात टाकली.

"तुमच्या विहीनबाई गेल्या, तवा मी कोनाशी बोलत नव्हतो. तळ्यावर बसून हिच्याशीच बोलत होतो. तवा हिनं मले काही इचारलं नाही. आता मी हिले काय इचारू?"

मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली. घरात जाऊन ढेपेचा आणखी एक तुकडा आणला आणि त्यांच्या शेजारी बसलो.