तीन स्टारची खानावळ

यमुनाबाई मयेकर गिऱ्हाइकाला "जेवण कसं झालं?" असं कधीच विचारत नाहीत. विचारलं की माणूस तोंडदेखलं चांगलंच सांगतो, मग विचारायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. भाट्याचा पूल ओलांडून थोडं पुढे गेलं की त्यांची चार टेबलांची खानावळ लागते. तिथली उष्टी ताटं बाई स्वतः उचलतात आणि उचलताना बघून घेतात. दोन वाट्यांत सोलकढी उरलेली दिसली की दुसऱ्या दिवशी त्या कोकमाचं आगळ कमी घालतात. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, मी दुपारचा तिथेच जेवतो. एकदा मी निम्मा भात टाकून उठलो, तर संध्याकाळी बाई घरी हजर. "ताप हाय काय?" म्हणाल्या. ताप होताच.

त्यांचे यजमान रावजी बोटीवर खलाशी होते. ते गेले तेव्हा मुलगा विनीत सातवीत होता. त्याच वर्षी बाईंनी खानावळ काढली, पोराला बारावीपर्यंत शिकवलं आणि मग इथल्या सगळ्या पोरांसारखा तोही मुंबईकडे गेला. भिवंडीला पार्सलच्या गोदामात नोकरी, एका खोलीत आठ जण, आणि गणपतीला चार दिवस घरी.

खानावळ मोबाईलच्या नकाशावर चढवली ती विनीतने. पर्यटक तिथे स्टार देतात, बरंवाईट लिहितात, आणि त्या सगळ्यांना उत्तरं द्यायचं काम तो भिवंडीत बसून करायचा. एकाने लिहिलं, समुद्र समोर असून मासे नाहीत, एक स्टार. विनीतने लगेच आईला फोन लावला.

"बांगडे नरम होते रे, मी घेतलेच नाय," बाई म्हणाल्या.

मग त्याने बाजारात त्या दिवशी ताजी मासळी मिळाली नाही, क्षमस्व, असं शुद्ध मराठीत लिहून टाकलं. मायलेकांचं बोलणं माझ्या मते या तक्रारींवरच टिकून होतं. जेवलीस का, जेवलास का, याच्यापुढे दोघांनाही काही सुचत नसे. पण कोणी भाकरी कडक म्हणालं की अर्धा तास फोन चाले.

यंदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुण्याच्या एका सहल कंपनीने विचारणा केली. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत त्यांच्या गाडीतली माणसं दुपारी इथे जेवतील, पण महिनाअखेर खानावळीचं रेटिंग चारच्या वर हवं. होतं चार पूर्णांक चार. विनीतने आईला सांगितलं, "गाडी लागली तर मी नोकरी सोडून कायमचा येतो. पण रेटिंग पडायला नको. आपल्या रोजच्या माणसांना चार शब्द लिहायला सांग."

जन्मात कोणाला काही न विचारलेली ही बाई टेबलाटेबलाशी जाऊन उभी राहिली. निवृत्त मुख्याध्यापक दादू गुरुजी, रिक्षावाला सदू, मासळी घालणारी गंगा, मी, असे आम्ही सतरा जण. सगळ्यांनी मोबाईल काढले. बाई आमच्या खांद्यावरून बघत होत्या, बोट कुठे ठेवायचं, कुठे दाबायचं. मदत करतोय म्हणून आमची छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला विनीतचा फोन. "काका, आईने तुमचं काय वाईट केलंय?"

सतराच्या सतरा जणांनी तीन स्टार दिले होते. रेटिंग साडेतीनवर आलं होतं.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. तीन म्हणजे मी पुष्कळ दिले असं समजत होतो. मुलीचं लग्न थाटात झालं तेव्हाही मी "बरं झालं" एवढंच म्हणालो होतो. दुपारी खानावळीत विषय निघाला. गुरुजी म्हणाले, तीस वर्षांत त्यांनी कोणाला पैकीच्या पैकी दिलेले नाहीत. खरं बोलली ती गंगा.

"तान्ह्या पोराला आपण काजळाची तीट कशाला लावतो? बाईचा आता कुठं बरा चाललाय. पाच दिले नि दृष्ट लागली म्हंजे? म्हणून मी दोन कमी ठेवले."

कोणी हसलं नाही. सदू मान खाली घालून बसला होता. मी सरकारी नोकरी केलेला, रोज पेपर वाचणारा माणूस, पण माझ्याही बोटाला त्या चौथ्या स्टारपाशी तीच भीती वाटली होती.

बाई आतल्या दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी सगळ्यांच्याच ताटात भात उरला होता. तो त्यांनी पाहिला आणि ताटं उचलून आत नेली.

आधी गुरुजींनी मोबाईल काढला. "मनाला पटत नाही," असं पुटपुटत त्यांनी तिनाचे पाच केले. मग गंगाने, मग सदूने, मग मी. जे त्या दिवशी आले नव्हते त्यांना सदूने रिक्षातून घरी जाऊन गाठलं. आठवड्यात रेटिंग चार पूर्णांक सातवर गेलं, महिनाअखेर कंपनीचा होकार आला आणि विनीतने भिवंडीची नोकरी सोडली.

तो निघाला त्या दिवशी दुपारी गाडीतून त्याचा मला पुन्हा फोन आला. खेड मागे पडलं होतं आणि रेंज येत-जात होती.

"काका, आता हे कोण? आज परत कोणीतरी दोनच दिलेत."

"नाव काय लिहिलंय?"

नाव त्याने बहुतेक तेव्हाच नीट वाचलं. "यमुना मयेकर," तो म्हणाला.

"आणि खाली काय लिहिलंय?"

त्याने अडखळत वाचून दाखवलं. "मुलगा कायमचा घरी येतोय. आमटी जरा खारट झाली."

मग त्याने तेच पुन्हा एकदा, या वेळी न अडखळता वाचलं.

"काका," तो म्हणाला, "खारट होती?"

मी नुकताच तिथून जेवून आलो होतो. आमटी दोनदा मागून घेतली होती.

"नाही रे," मी म्हणालो.