अक्काच्या झाडाला नीरमोर

तमिळ मुलखात, कुंभकोणमला आमच्या मराठी घराच्या परसात विहिरीशेजारी कढीपत्त्याचं झाड होतं. अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, ते बोटभर रोपापासून वाढवलेलं. झाड घराचं असलं तरी कायदा तिचा चाले. दिवेलागणीनंतर पान तोडायचं नाही, कोवळ्या शेंड्याला हात लावायचा नाही, आणि सालीवर नखानं रेघोट्या ओढल्या की पाठीत धपाटा. तो मला वरचेवर मिळे. पण पिकलेली काळी फळं पडली की ती आधी माझ्याच ओंजळीत घाली. दर शुक्रवारी आम्ही दोघी आंबट ताकात पाणी मिसळून मुळाशी ओतायचो. त्यानं पानांना वास चढतो, असं आमच्याकडं सगळेच मानत.

माघात तिचं लग्न झालं. सासर पापनाशम्, आगगाडीनं जवळच. तरी निघताना ती हुंदके देत मला म्हणाली, "झाड तुझे हवालीं. मी आल्यावर पाहीन."

चैत्रात रामनवमीचा उत्सव. आमच्या भजनमठात नऊ दिवस नीरमोर वाटत, म्हणजे पातळ ताक, त्यात मीठ, आलं, हिंग, मिरची. उरलेलं मोरीत ओतणं पाप, प्रसाद तो! झाडाच्या मुळाशी घालावा, हे मला ठाऊक होतं. आणि ताक तर झाडाला मानवतंच. नऊ दिवस मी तळाचं खारट नीरमोर तांब्या भरभरून आणलं आणि अक्काच्या झाडाला पाजलं. मिठाचा विचार डोक्यात आलाच नाही. अतिशहाणी कुठली!

उत्सव सरला आणि पानं पिवळी पडून गळू लागली. आईनं आळ्यातली माती बोटावर घेऊन जिभेला लावली आणि कपाळावर हात मारला. "मीठ घातलंस की पोरी!" मग हात सोलवटेपर्यंत मी विहिरीचं पाणी शेंदून ओतलं. फांद्या वाळायच्या त्या वाळल्याच.

आषाढात नव्या नवरीला माहेरी आणतात, तशी अक्का आली. मला दोन घास गेले नव्हते. मी तिला हात धरून परसात नेलं, एका दमात सगळं सांगून टाकलं आणि धपाट्यासाठी पाठ पुढं केली.

तिनं वाळक्या खोडाकडं पाहिलं. पदर सारखा केला.

"असो दे. तूं लहान, तुज काय कळणार?"

शेजारच्या पोरानं काही सांडलं तर आपण बोलतो, तितक्या गोड आवाजात. मग स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून तिनं आईला विचारलं, "पाणी घेऊं का?"

"विचारतेस काय? घर तुझंच की," आई म्हणाली. अक्का नुसती हसली.

मी विहिरीमागं जाऊन पोटभर रडले. आईला वाटलं, झाडासाठी. मी तिला तसंच वाटू दिलं.