अकरा बोटं नळी

आबा गेल्यावर मला रडू आलं नाही. भेटायला येणारा जो तो म्हणे, रडून घे, मोकळी होशील. येत नव्हतं, त्याला मी काय करणार? मी आपली चहा टाकत होते.

आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत फिटर होते. निवृत्तीनंतर पिंप्राळ्यातल्या घराच्या ओट्यावर त्यांनी रिमोटवर उडणारं विमान बांधलं. त्याला छोटं फोर-स्ट्रोक इंजिन. विमान तयार होतं, फक्त धुराची नळी राहिली होती. ही नळी आधी लांब ठेवायची, इंजिन चालवून ऐकायचं, थोडी कापायची, पुन्हा ऐकायचं. नेमक्या लांबीला इंजिन मोकळा श्वास घेतं. ती लांबी आबांना एका जुन्या नळीवर सापडली होती; ती नळी पुढे भंगारात गेली. वहीत लिहिलं होतं, ‘वळणापासून अकरा बोटं.’ नवी नळी कापायच्या आधीच ते दवाखान्यात गेले.

धुळ्याला दर रविवारी विमानं उडवणारे त्यांचे मित्र म्हणाले, आबांचं विमान एकदा तरी उडवू. मी हो म्हटलं. तेव्हा मी कशालाही हो म्हणत होते.

शनिवारी सकाळी नळीवर अकरा बोटं मोजली आणि करवतीनं कापली. मी पाइपच्या कारखान्यात दिवसभर मिलिमीटर तपासते, तरी बोटं कुणाची हे माझ्या डोक्यात आलं नाही. इंजिन सुरू केलं तर नुसतं खाकरत होतं, पंखा वेग घेईना. आबांची बोटं जाड होती. किती जाड? दवाखान्यात नऊ दिवस मी तो हात धरून बसले होते, आणि मला आठवेना. स्वतःचा इतका राग आला की करवत अंगणात भिरकावली.

आवाज ऐकून आई बाहेर आली. आबांची नजर अधू झाल्यापासून त्यांची नखं तीच कापायची. तिनं माझा हात उलटसुलट करून पाहिला.

“तुन्हा बोटे बारीक शेतस. त्यासना तीन म्हंजे तुन्हा चार.”

हिशेब केला. माझी जवळजवळ पावणेचार बोटं कमी पडत होती. कापलेला तुकडा कोपऱ्यात पडलाच होता. त्यातून तेवढा काढला, सांध्यावर मोठी नळी चढवली, दोन्ही बाजूंनी क्लॅम्प आवळले आणि पंख्याला हात मारला.

इंजिन एका दमात वर चढलं. खाकरणं नाही, अडखळणं नाही. आत निघालेली आई दारातच थांबली.

“आबा, जमलं!” म्हणत मी मागे वळले. मागे त्यांचं स्टूल होतं. इतक्या दिवसांत तेव्हा कुठे मला कळलं, की आबा नाहीत.